जाळ्याचा चष्मा

मी मथुराबाईंना चुकीचा चष्मा दिला. डोळा नीट तपासला, नंबर नीट काढला, कागद नीट भरला आणि चष्मा चुकीचा दिला. इतकं बिनचूक राहून चूक करायची तर सरकारी नोकरीत निदान पंचवीस वर्षं मुरावं लागतं. मी तोवर सव्वीस वर्षं मुरलो होतो.

माझ्या हुद्द्याचं नाव नेत्रचिकित्सा अधिकारी. ते ऐकून लोक उठून खुर्ची देतात, आणि मी डॉक्टर नाही हे कळल्यावर दिलेली खुर्ची परत मागायला लाजतात. आमचं काम डॉक्टरांच्या आधीचं आणि नंतरचं. डोळे तपासायचे, चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदू कोणाला झालाय ते शोधायचं, त्याची समजूत घालून त्याला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत आणायचं, आणि पट्टी सुटल्यावर त्याच्या तक्रारी ऐकायच्या. मधली वीस मिनिटं तेवढी सर्जनची. गावोगाव मला 'डोळेवाले' म्हणत. आमच्या घरातून नातेवाइकांना 'आय स्पेशालिस्ट' असं सांगितलं जाई. यातलं काहीच मी कधी दुरुस्त केलं नाही.

माझा भाग बोईसर, तारापूर, किनाऱ्याची गावं आणि मागचे डोंगरातले पाडे. एका मोटारसायकलीवर एका दिवसात मी तीन जगांतून जायचो. सकाळी घिवलीत मच्छीमारांच्या आळीत, दुपारी बोईसरला कारखान्यांच्या गेटवर, आणि संध्याकाळी अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेल्या एखाद्या साहेबांच्या दिवाणखान्यात, तेही चहाच्या आशेने. या फिरतीत एक गोष्ट माझ्या नजरेस फार उशिरा पडली, आणि नजर हाच माझा धंदा असल्यामुळे ते सांगताना थोडी लाज वाटते. एकाच वर्षी जन्मलेली दोन माणसं एकाच वयाची नसतात. साहेबांना वर्तमानपत्र जरा अंधुक दिसलं की पुढच्या महिन्यात त्यांचा मोतीबिंदू निघालेला असतो. इकडे त्याच वर्षी जन्मलेली बाई तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढायला शिकते आणि ती युक्ती सुनेला शिकवते. तिला कोणी विचारलंच तर म्हणते, "दिसतंय की. कामापुरतं दिसतंय."

गरीब माणूस डोळ्यांबद्दल खोटं बोलतो, आणि फार हुशारीने बोलतो. बोईसरच्या एका कारखान्याच्या गेटवर बाबूराव नावाचे बीडकडचे वॉचमन होते. तरुणपणी आले, कारखान्यात कंत्राटावर राबले, अंगातलं बळ सरल्यावर गेटवर आले. एकदा ठेकेदाराने सगळ्या वॉचमनचे दृष्टीचे दाखले मागितले. बाबूराव माझ्यासमोर ताठ बसले आणि भिंतीवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचून गेले. शेवटची ओळ तर मलाही चष्म्याशिवाय दिसत नसे. मी "वा" म्हणालो आणि दाखल्यावर सही केली. थोड्या वेळाने उठून पाहतो, तर दाराशी माझी एक चप्पल आणि बाबूरावांची एक चप्पल. उरलेली जोडी ते घालून गेले होते. रांगेत पुढे उभ्या असलेल्या चौघांनी वाचलेला तक्ता त्यांनी ऐकून पाठ केला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आठवडाभराने मी त्यांना गाठलं तेव्हा म्हणाले, "साहेब, नोकरी दिसण्यावर नाही, दाखल्यावर आहे." त्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं पुढे झाली, नोकरीही राहिली. माझी चप्पल मात्र त्यांनी परत दिली नाही. ती त्यांना आपलीच वाटत होती.

आता मथुराबाई.

घिवलीच्या शाळेच्या व्हरांड्यात आमचं शिबिर होतं. तिथल्या आशा कार्यकर्त्या प्रमिलाताई घरोघर फिरून म्हाताऱ्या माणसांना घेऊन आल्या होत्या. त्यांतल्या एक मथुराबाई. आधार कार्डावर वय सत्तर, जन्मतारीख एक जानेवारी. आमच्या भागातल्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस एक जानेवारीलाच असतो. बाई काटकुळ्या, पण बसल्या की जागचं हलवणं कठीण. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू मोत्यासारखा पांढरा पिकलेला, त्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळत होता. डाव्या डोळ्यात सुरुवात होती. लांबचं धुरकट, पण काम भागेल असं. उजव्या पायाच्या अंगठ्याला खोल खाच पडलेली दिसली. मी लगेच गंभीर झालो आणि म्हणालो, "आये, साखर तपासली का कधी? पायाला जखम होतेय." त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

पिकलेल्या मोतीबिंदूबद्दल इथे सांगायला हवं. पूर्वी डॉक्टरच म्हणत की पिकू द्या, मग काढू. आता तसं नाही. लवकर काढला तर सोपा निघतो. फार पिकला तर आतल्या आत फुगतो, डोळ्यात दाब चढतो, डोळा ठणकायला लागतो आणि त्यात नजर कायमची जाऊ शकते. मग कितीही मोठा सर्जन आणा. मथुराबाईंचा उजवा डोळा त्या कडेवर येऊन थांबला होता. पुढच्याच ऑपरेशनच्या यादीत मी त्यांचं नाव घातलं. तोवर डाव्या डोळ्याने जवळचं काम करता यावं म्हणून चष्मा दिला.

हा चष्मा म्हणजे मुंबईच्या कुठल्याशा मंडळाने भेट दिलेल्या खोक्यातला. वाचायच्या चष्म्याचा एक ठोकताळा आमच्यात सगळ्यांना पाठ असतो. चाळिशीला एक, पन्नाशीला दोन, साठीपुढे अडीच. मी कार्डावरचं वय बघितलं, डोळा खात्रीसाठी एकदा तपासला, अडीचचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला आणि हातभराच्या आत, पुस्तक धरतात तिथे, तपासणीचं कार्ड धरलं.

"आये, स्वच्छ दिसतंय?"

"दिसतंय."

"पहिल्यापहिल्यांदा गरगरल्यासारखं होईल. आठ दिवस घाला, सवय होईल."

हे शेवटचं वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन.

ऑपरेशनच्या दिवशी गाडी घिवलीहून आली ती मथुराबाईंना न घेता. प्रमिलाताईंचा फोन आला. "सर, बाय नाय म्हणते. ऐकतच नाय." मी म्हटलं, घाबरल्या असतील, मी येतो. घाबरलेल्या पेशंटला धीर देणं हा माझा हातखंडा विषय होता.

गेलो तेव्हा मासेमारी बंद होती. होड्या वर ओढलेल्या, आणि आळीभर जाळी पसरलेली. मथुराबाई अंगणात माडाच्या सावलीला एक पाय लांब पसरून बसल्या होत्या. जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरलेली, हातात सुताने भरलेली जाळं विणायची चपटी सुई. ती खाच साखरेची नव्हती. पन्नास वर्षं तिथे जाळं अडकवलं जात होतं. माझा चष्मा शेजारी मिठाच्या बरणीच्या झाकणावर, काचा वर करून ठेवलेला.

"आये, गाडी येऊन गेली."

"रिकामी तर नाय ना गेली?"

"नाही, बाकीचे आले."

"मग बरं झालं."

"तुम्ही ऑपरेशनला घाबरलात का?"

"ऑपरेशनला कशाला घाबरू? चार पोरं जन्माला घातली मी. मी तुला घाबरले." त्यांनी सुईनेच चष्म्याकडे दाखवलं. "ह्यो घातला आनि मला माजं जालंच दिसंना. तू बोलला सवय व्हईल. आट दिस सवय केली. त्या आट दिसांत फाटकं तेवडं सुटलं आनि धडधाकट होतं ते मी शिवलं. आता समदं उसवते. साधा चष्मा ज्याला जमत नाय त्याच्या हवाली डोला करू?"

इथे शहाण्या माणसाने गप्प बसून जाळं, अंगठा आणि बाईंचं नाक यांच्यामधलं अंतर पाहिलं असतं. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी ते पाहिलं नाही. मी चष्मा उचलला, पुसला, उजेडात धरला आणि अत्यंत समजुतीच्या सुरात म्हणालो, "आये, चष्मा बरोबर आहे. तुमचा डोळा खराब आहे. म्हणून तर ऑपरेशन करायचंय."

मथुराबाई माझ्याबरोबर आलेल्या प्रमिलाताईंना म्हणाल्या, "प्रमिला, याला च्या पाज आनि लाव वाटेला."

चहा प्यालो आणि वाटेला लागलो.

त्या आठवड्यात मी त्यांच्या डोळ्याचाच विचार करत होतो, आणि खरं सांगायचं तर अर्धा विचार माझ्या अपमानाचा होता. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. तुम्ही मलाही बोहारणीसारखं एकावर एक चष्मे दाखवत बसता." घरात सहानुभूती नव्हती, म्हणून मी इनामदारसाहेबांकडे गेलो.

इनामदारसाहेब मूळचे साताऱ्याचे. वीज केंद्रात मोठ्या जागेवरून निवृत्त होऊन इथेच राहिले. वय मथुराबाईंइतकंच, पण एका दमात तीन जिने चढणारे. दर सहा महिन्यांनी रक्त, हृदय, दात, डोळे, सगळी तपासणी. दोन्ही मोतीबिंदू वेळच्या वेळी निघालेले. निवृत्तीनंतर ते पेटी शिकायला लागले होते. मी गेलो तेव्हा समोर नोटेशनचा कागद लावून भूप वाजवत होते. मी शिबिराच्या देणगीच्या वहीवर सही घ्यायच्या निमित्ताने आलोय असं दाखवलं. त्यांनी पेटी थांबवली, नाकावरचा चष्मा काढून दुसरा लावला, सही केली, आणि परत पहिला लावला.

मी विचारलं, "दोन चष्मे कशाला? दोन्ही जवळचेच ना?"

"हा वाचायचा. हा पेटीचा."

"पेटीचा?"

"अहो, कागद पेटीच्या पलीकडे असतो. दोन फूट लांब. वाचायच्या चष्म्यातून तिथलं अंधुक दिसतं. चष्मेवाल्याने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, दिवसभर काय काय करता? मग म्हणाला, पेटीपुढे बसा, अंतर मोजून सांगा. त्याचा नंबर कमी निघाला, दीड." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही तर यातले."

मी यातलाच होतो. शिकत असताना पहिल्या महिन्यात हे शिकवलेलं असतं. जवळचा चष्मा एका ठरावीक अंतरापुरताच असतो. अडीच नंबर हवा तो सोळा इंचांवर पुस्तक धरणाऱ्याला. त्याहून लांब काम करणाऱ्याला तो चष्मा आंधळं करतो. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि मग सव्वीस वर्षं किनाऱ्यावरच्या, डोंगरातल्या, कारखान्यातल्या म्हाताऱ्या माणसांना मी पुस्तकाच्या अंतराचे चष्मे वाटत सुटलो होतो. त्यांतल्या बहुतेकांच्या हातात पुस्तक कधी आलंच नव्हतं. मथुराबाईंना अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि मी त्यांना वाचायचा चष्मा देऊन वर त्यांच्या डोळ्याला नावं ठेवून आलो होतो.

मी सगळं साहेबांना सांगितलं. त्यांनी पेटीचा भाता बंद केला. मग म्हणाले, "मी खुर्चीत बसून तपासून घेतो, म्हणून मला विचारतात. रांगेत कोण विचारणार? आणि मी भूप वाजवतो त्यात कोणाचं काही अडत नाही. ऐकणाऱ्यांचं अडतं तेवढंच." साहेब चांगले गृहस्थ. पेटी मात्र त्यांना पुढेही आली नाही.

दुसऱ्या दिवशी काचांची पेटी, तपासणीची चौकट आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी घेऊन मी घिवलीला गेलो. मथुराबाई तिथेच, त्याच सावलीत. मी जमिनीवर बसलो. "आये, चष्मा चुकीचा होता. तुमचा डोळा बरोबर सांगत होता."

त्यांनी मान वर केली नाही. "मग?"

"मोजायला आलोय."

मी पट्टीचं एक टोक त्यांच्या कपाळाजवळ धरलं आणि दुसरं जाळ्याच्या गाठीपर्यंत नेलं. सत्तावीस इंच.

"काय रं, पोलकं शिवतोस का माजं?"

अंगणाच्या कुडापलीकडे तोवर चार-पाच बायका जमल्या होत्या. त्या हसल्या. मी चौकट त्यांच्या कानावर चढवली, त्यात दीडची काच सरकवली आणि म्हटलं, "आता कामाला लागा. माझ्याकडे बघू नका. जाळ्याकडे बघा."

त्या बघू लागल्या. मी वाट पाहत होतो की आता 'दिसतंय' म्हणतील. त्यांनी उलट डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी सुई चालवायला लागल्या. भोकाचं माप ठेवणाऱ्या बांबूच्या पट्टीवर फास, सुई आतून, ओढ, गाठ. एक, दोन, दहा गाठी. सगळी भोकं एकसारखी, जणू साच्यातून काढलेली. मी माझ्या व्यवसायात हजारो माणसांचे हात पाहिलेत. सर्जनचेही पाहिलेत. इतके शांत हात क्वचित पाहिले.

"विणायला डोला लागत नाय," डोळे उघडून त्या म्हणाल्या. "बोटांना ठावं असतं. फाटलंय कुठं ते शोदायला डोला लागतो. निलं सूत, त्यात बारीक फाटकं. तिथून मासली जाते." आणि जाळं अंगठ्यावरून थोडं पुढे सरकवून त्यांनी बोट ठेवलं. "ह्ये बघ. काल ह्ये सुटलं होतं."

मला तिथे काहीच दिसलं नाही. मी चष्मा लावला, काढला, वाकून पाहिलं. शेवटी कुडापलीकडून आत आलेल्या प्रमिलाताईंनी माझं बोट धरून त्या फाटक्यात घातलं.

बोईसरच्या चष्मेवाल्याकडून दीडचा चष्मा तयार करून दोन दिवसांनी नेऊन दिला. मथुराबाईंनी तो लावून अर्ध्या तासात तीन फाटकी ठिकाणं शोधली आणि मग स्वतःहून म्हणाल्या, "आता त्या डोल्याचं बोल."

मी बोललो. तो डोळा फार थांबणार नाही, दुखायला लागला की उपाय उरणार नाही, हे काही न लपवता सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "नारली पुनवेला होडी पान्यात जाईल. मग ये."

"तोवर महिना जाईल, आये."

"जाल्याशिवाय होडी जाईल का? पोराची होडी हाय. डोला माजा हाय."

ऑपरेशननंतर निदान काही आठवडे वाकायचं नाही, धूळ नाही, धूर नाही. म्हणजे जाळं नाही. इकडे डोळा थांबत नव्हता, तिकडे होडी थांबत नव्हती, आणि बाई होडीच्या बाजूने होत्या.

तोड कुडापलीकडून आली. चंद्राकाकी नावाच्या त्यांच्या शेजारीण, त्यांच्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "मथुरे, तुजं जालं आमी वाटून घेतो. एकेकीनं एकेक कड. पन या डोलेवाल्यानं आमचं पन मोजलं पायजे."

मथुराबाई म्हणाल्या, "तुजी गाठ सैल असते."

"असू दे. मासली काय तुज्यासारखी गाठ चाचपत नाय."

ठरलं. आणि मी मोजपट्टी घेऊन आळीतून घरोघर निघालो. चंद्राकाकींनी आत जाऊन कपड्यांच्या पेटीतून एक पुडकं आणलं. रुमालात गुंडाळलेला चष्मा, काचेवर नंबराची चिकटपट्टी तशीच. माझाच, मागल्या कुठल्यातरी शिबिरातला. पुढच्या घरात एक खुंटीला, एक देवाच्या फळीवर गणपतीच्या मागे, एक पिठाच्या डब्यात. सगळे माझे. सगळे कोरे. मी चंद्राकाकींना विचारलं, "घातला का नाही कधी?"

"घातला की. दिसंना. मग जपून ठेवला."

"दिसत नाही तर सांगायचं ना मला."

"तू एवडा लांबून येतोस. तुला वाईट वाटंल."

मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही, हे उगाच सांगत नाही. मला दर वर्षी चष्मेवाटपाबद्दल शाबासकी मिळत असे. एक प्रमाणपत्र तर फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. डोंगरातल्या पाड्यांवर माझ्या खोक्यातले किती चष्मे किती पेट्यांत असे जपून ठेवलेले असतील कोण जाणे. त्यांतली कितीतरी माणसं आता नाहीत. काम सुटलं, की म्हातारपण एकदम अंगावर येतं, हे मी नोकरीभर पाहिलं. आणि काम कशामुळे सुटलं, त्यात माझ्या अडीच नंबराचा हात किती, हे मला कधीच कळणार नाही.

मथुराबाईंच्या ऑपरेशनच्या आधी पुढचं थोडं सांगून घेतो. त्यानंतर माझी नोकरी सात वर्षं उरली होती. प्रत्येक शिबिराआधी मी आशाताईंना निरोप द्यायचो, येणाऱ्याने आपलं काम बरोबर आणावं. शिरगावला पहिल्यांदा असं शिबिर झालं तेव्हा व्हरांड्यात जाळी आली, सुपं आली, गजऱ्याची फुलं आली, शिवणयंत्र बैलगाडीतून आलं. एक म्हातारे न्हावी आपलं काम म्हणून एक गिऱ्हाईक घेऊन आले, अर्धी दाढी झालेलं. त्यांच्या चष्म्याची काच ठरेपर्यंत ते गिऱ्हाईक साबण लावून बसून होतं. तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हा काय बाजार भरवलाय?" मी म्हणालो, "हो." एका माणसाला आता दुप्पट वेळ लागायचा, त्यामुळे माझे आकडे घसरले, शाबासकी बंद झाली. पण लोक शिबिरात येऊन सांगायला लागले, "परवाचा चष्मा नाय जमत, बदलून दे." तक्रार ऐकून इतका आनंद होणारा सरकारी नोकर मी दुसरा पाहिला नाही. आणि प्रत्येक म्हाताऱ्या माणसापुढे बसून त्याचं काम पाहताना मी जे पाहिलं, ते तक्त्यासमोर उभं करून कधी दिसलं नसतं. शिरगावच्या एक आजी वास घेऊन सांगायच्या की बोंबील आतून ओला आहे. ते न्हावी हाताला थरथर असूनही वस्तरा गालावर टेकला की स्थिर व्हायचे. या माणसांना मी इतकी वर्षं 'निरक्षर, दृष्टी कमी' असं कागदावर लिहीत आलो होतो.

तर मथुराबाई. नाव यादीत परत घातलं, आणि पुढच्या गाडीने त्या आल्या. बरोबर चंद्राकाकी, जाळ्याची खबर द्यायला. आळीतल्या सहा जणींनी कडा वाटून घेतल्या होत्या, आणि मथुराबाई त्या सहांच्याही गाठींची तक्रार ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत करत होत्या. सर्जनबाईंनी डोळा पाहिला आणि मला म्हणाल्या, "फार उशीर केलात. आतला पडदा कसा आहे ते दिसतही नाही. मी काढते, पण किती दिसेल ते सांगू शकत नाही." उशीर मथुराबाईंनी केला नव्हता. महिनाभराचा तरी माझा होता. त्या वीस मिनिटांचे चाळीस झाले. मी बाहेर बाकावर चंद्राकाकींशेजारी बसलो होतो. त्या एकदाच म्हणाल्या, "तिचा डोला गेला तर आमच्या आलीत जालं बघायला कोन नाय उरत."

सकाळी पट्टी काढायची होती. ते काम माझंच. अशा वेळी पेशंटच्या समोर अगदी जवळ बसायचं, पट्टी अलगद उचलायची, डोळा पुसायचा, आणि बोटं दाखवून विचारायचं. पट्टी निघाली. त्यांनी पापणी उघडली, मिटली, परत उघडली. डोळ्यातून पाणी आलं ते मी पुसलं. मी दोन बोटं समोर धरली.

त्यांनी बोटांकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. डावा डोळा हाताने झाकला आणि नव्या डोळ्याने सावकाश पाहिलं, कपाळ, पिकलेल्या मिशा, टक्कल, परत मिशा. त्यांचा चेहरा पडला.

मी म्हटलं, "आये, काय झालं? दिसत नाही का?"

"दिसतंय, समदं दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि चंद्राकाकींकडे वळल्या. "अगं चंद्रे, ह्यो तर म्हातारा हाय. मी समजत होते नवं पोर हाय, चुकतंय तर चुकू दे, शिकंल हलूहलू."